दोन रात्रींची एक मैफल

'लेड झेपेलिन' या ब्रिटिश रॉक बँडने २५ व २७ जून १९७२ रोजी कॅलिफोर्नियात केलेल्या दोन कार्यक्रमांचे ध्वनिमुद्रण तीन दशके पडून होते. गिटारवादक जिमी पेज यांनी ते २००३ मध्ये 'हाऊ द वेस्ट वॉज वन' या तीन सीडींच्या संचातून रसिकांपुढे आणले. ड्रमवादक जॉन बोनहॅम यांचे १९८० मध्येच निधन झाले होते. त्यांच्या ऐन भरातले वादन येथे ऐकू येते.

'डेझ्ड अँड कन्फ्यूज्ड' हे मूळचे साडेसहा मिनिटांचे गाणे येथे पंचवीस मिनिटे चालते. ख्यालाची बढत ऐकणाऱ्या आपल्या कानांना याचे नवल वाटू नये. खटकते ते निराळेच. ही एका रात्रीची मैफल नव्हे. दोन्ही रात्रींतले निवडक भाग जोडून पेज यांनी ती सिद्ध केली आहे. इतिहासाचा दस्तऐवज म्हणून ती अपुरी ठरते, संगीत म्हणून मात्र अस्सल.

त्याच १९७२ मध्ये पेज आणि गायक रॉबर्ट प्लांट यांनी मुंबईत येथील वादकांसह 'फ्रेंड्स' व 'फोर स्टिक्स' ही गाणी ध्वनिमुद्रित केली होती. ती अधिकृतपणे ऐकायला मिळाली थेट २०१५ मध्ये, 'कोडा'च्या नव्या आवृत्तीत.