दुव्यावरील फाईल योग्य प्रोग्रॅममध्ये कशी उघडावी?

पूर्वी सोसायटीच्या सभासदांची यादी, पीककर्जाची मागणीपत्रके आणि उसाच्या बिलांचा हिशेब हे सारे चोपड्यांत लिहिलेले असे. आज त्यांतील पुष्कळसा भाग संगणकावर आला आहे. संकेतस्थळावरील दुव्यावर टिचकी मारली की फाईल उतरते आणि कोणत्या तरी प्रोग्रॅममध्ये उघडते. तो प्रोग्रॅम कोणता असावा हे मात्र बहुतेक ठिकाणी कोणी जाणून-बुजून ठरवीत नाही. ते आपोआप ठरते. आपोआप ठरलेली गोष्ट हितावह असतेच असे नाही. गैरसोयीच्या प्रोग्रॅममध्ये उघडलेल्या यादीत गट क्रमांकाची तारीख होते, बँक खात्याचे अंक बदलतात आणि मराठी नावे वाचता येत नाहीत. यास्तव हा निर्णय कोठे होतो व तो आपल्या हाती कसा घ्यावा, हे गावोगावच्या गटसचिवांनी, सेवा केंद्रचालकांनी आणि संगणक वापरणाऱ्या शेतकरी बंधूंनी समजून घेणे अगत्याचे आहे.

वारणा खोऱ्याचा अनुभव

पन्हाळा तालुक्यातील वारणानगर हे नाव या संदर्भात विशेष उल्लेखनीय आहे. तात्यासाहेब कोरे यांनी उभारलेल्या सहकारी चळवळीमुळे हा परिसर साखर, दूध व शिक्षण यांसाठी प्रसिद्धीस आला. १९९८ मध्ये केंद्र शासन, राज्य शासन आणि वारणेच्या सहकारी संस्था यांच्या सहभागाने येथे संगणकजोडणीचा प्रकल्प सुरू झाला. कोल्हापूर व सांगली जिल्ह्यांतील सुमारे ७० गावे त्यात घेण्यात आली. उसाची नोंद, तोडणीचा क्रम, वजन व बिल यांची माहिती गावातच मिळावी, त्यासाठी कारखान्यापर्यंत हेलपाटे पडू नयेत, हा त्यातील एक व्यवहारी हेतू होता.

पुढे मायक्रोसॉफ्ट रिसर्च इंडिया या संस्थेच्या संशोधकांनी याच परिसरातील ७ गावांत ८ महिने एक प्रयोग केला. गावच्या संगणकावर होणारे काम मोबाईलवरील लघुसंदेशांनी करून पाहण्यात आले. त्याचा वृत्तांत २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. या दोन्ही प्रयत्नांवरून एक गोष्ट ध्यानात येते. यंत्र गावात आणणे हे काम अर्धे होय. माहिती जशी निघाली तशीच, एकही अंक न बदलता, माणसाच्या हाती पडणे हे उरलेले अर्धे काम होय. दुव्यावरील फाईल योग्य प्रोग्रॅममध्ये उघडणे या दुसऱ्या अर्ध्या कामात मोडते.

निर्णय तीन ठिकाणी होतो

दुवा म्हणजे केवळ पत्ता. फाईल कोठे ठेवली आहे एवढेच तो सांगतो. ती कशात उघडावी हे सामान्यतः सांगत नाही. तो निर्णय पुढील तीन ठिकाणी होतो.

(१) सर्व्हर : फाईल ज्या संगणकावर ठेवलेली असते तो सर्व्हर फाईल पाठविताना तिच्याबरोबर एक खूण पाठवितो. प्रमाणित बियाण्याच्या पिशवीला निळा टॅग असतो, त्याप्रमाणेच ही खूण आत काय आहे ते सांगते. उदाहरणार्थ, ‘टेक्स्ट/सीएसव्ही’ ही खूण साध्या यादीची, तर ‘ॲप्लिकेशन/पीडीएफ’ ही पीडीएफ कागदाची. १९९२ मध्ये नॅथनिएल बोरेनस्टीन व नेड फ्रीड यांनी टपालसंदेशांतील जोडपत्रांसाठी ही पद्धत मांडली. वेबने ती पुढे स्वीकारली. फाईल दाखवावी की उतरवून घ्यावी, याची सूचनाही सर्व्हर देऊ शकतो.

(२) ब्राउझर : ही खूण वाचून ब्राउझर तीनपैकी एक मार्ग धरतो. फाईल स्वतःच दाखवितो, संगणकावर साठवितो, किंवा दुसऱ्या प्रोग्रॅमच्या स्वाधीन करितो. पीडीएफ फाईल तो बहुधा स्वतःच दाखवितो.

(३) संगणक : साठविलेली फाईल उघडताना विंडोज तिच्या नावाचे शेपूट पाहते. ‘.सीएसव्ही’ किंवा ‘.पीडीएफ’ या शेपटास जो प्रोग्रॅम नेमून दिलेला असेल त्यात ती उघडते. नवा प्रोग्रॅम बसविताना ही नेमणूक बदलली जाण्याचा संभव असतो.

फाईल भलत्याच प्रोग्रॅममध्ये उघडू लागली, तर या तिन्हींपैकी दोष कोठे आहे हे प्रथम पाहावे. ब्राउझरमधला दोष विंडोजमध्ये शोधून सापडत नाही.

गट क्रमांकाची तारीख कशी होते

समजा, एका सेवा सोसायटीस सभासदांची यादी दुव्यावरून मिळाली आहे. ती ‘.सीएसव्ही’ प्रकारची, म्हणजे स्वल्पविरामांनी रकाने पाडलेली साधी यादी आहे. या शेपटास एक्सेल नेमलेले असल्यास टिचकीसरशी ती एक्सेलमध्ये उघडते. प्रत्येक रकान्यात काय असावे याचा अंदाज एक्सेल स्वतः बांधते, आणि तेथेच घोटाळा होतो.

गट क्रमांक ५/२ ही एक्सेलला तारीख वाटते आणि त्या जागी ५ फेब्रुवारी येते. खाते क्रमांकाच्या आरंभीची शून्ये गळतात. एक्सेल १५ अंकांपर्यंतच संख्या अचूक धरते. त्यामुळे १६ अंकी खाते क्रमांकाचा शेवटचा अंक शून्य होतो. १२ अंकी आधार क्रमांक आखूड करून विचित्र रूपात दाखविला जातो. यादी युनिकोडमध्ये असूनही तिच्या आरंभी त्याची खूण नसेल, तर मराठी नावांच्या जागी अर्थहीन चिन्हे उमटतात. अशी फाईल पाहून तशीच बंद केली तर मूळ यादीस धक्का लागत नाही. परंतु ती ‘सेव्ह’ केली की बदललेले अंकच कायम होतात. मग चुकीच्या गटावर कर्ज मांडले जाण्याचा आणि उसाचे बिल भलत्याच खात्यात जाण्याचा किंवा परत येण्याचा संभव उत्पन्न होतो.

उपाययोजना

(१) यादीसाठी असा प्रोग्रॅम नेमावा की जो उघडण्यापूर्वी विचारतो. लिबरऑफिस कॅल्क हा विनामूल्य प्रोग्रॅम सीएसव्ही उघडण्याआधी एक चौकट दाखवितो. तीत अक्षरसंच ‘युनिकोड यूटीएफ-८’ निवडावा. नंतर गट क्रमांक, खाते क्रमांक व आधार क्रमांक यांच्या रकान्यांवर टिचकी मारून त्यांचा प्रकार ‘टेक्स्ट’ करावा आणि मगच यादी उघडावी.

(२) विंडोजमध्ये ही नेमणूक करण्यासाठी फाईलवर उजवी टिचकी मारून ‘ओपन विथ’ व पुढे ‘चूज अनदर ॲप’ निवडावे. हवा तो प्रोग्रॅम निवडून ‘ऑलवेज’ दाबावे. विंडोज ११ मध्ये ‘सेटिंग्ज’, ‘ॲप्स’, ‘डिफॉल्ट ॲप्स’ या क्रमाने जाऊन शेपटाचे नाव लिहूनही हेच करता येते.

(३) फायरफॉक्स ब्राउझरमध्ये ‘सेटिंग्ज’ मधील ‘जनरल’ या भागात ‘ॲप्लिकेशन्स’ ची यादी असते. तेथे प्रत्येक प्रकारच्या फाईलपुढे ‘नेहमी विचारा’, ‘साठवा’ किंवा अमुक प्रोग्रॅम वापरा, असे ठरविता येते. अनेकजण एकच संगणक वापरतात त्या कार्यालयात ‘नेहमी विचारा’ हे उत्तम.

(४) एक्सेलच वापरावयाचे असल्यास फाईलवर टिचकी मारू नये. प्रथम एक्सेल उघडावे, ‘डेटा’ मधील ‘फ्रॉम टेक्स्ट/सीएसव्ही’ घ्यावे आणि माहितीचा प्रकार ओळखू नये अशी सूचना निवडावी. असे केल्याने अंक मूळ रूपात राहतात.

डिजिटल सहीचे कागद

पीडीएफच्या बाबतीत अडचण निराळी आहे. ई-आधारच्या फाईलवर डिजिटल सही असते. ती सही पाहण्याची वस्तू नसून पडताळण्याची आहे. सही झाल्यावर मजकुरात फेरफार झाला आहे किंवा नाही, हे तीवरून कळते. अनेक ब्राउझर ही फाईल दाखवितात, पण सही पडताळीत नाहीत. यास्तव असा कागद अडोबी रीडरसारख्या पडताळणी करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये उघडावा. क्रोम वापरीत असल्यास ‘साईट सेटिंग्ज’ मधील ‘पीडीएफ डॉक्युमेंट्स’ येथे फाईल उतरवून घेण्याचा पर्याय निवडावा आणि विंडोजमध्ये पीडीएफसाठी रीडरची नेमणूक करावी.

प्रथम उघडताना सहीवर प्रश्नचिन्ह दिसते. त्यामुळे कागद खोटा आहे असे समजू नये. त्या संगणकाने सही करणाऱ्याचे प्रमाणपत्र अद्याप विश्वासार्ह म्हणून नोंदविलेले नाही, एवढाच त्याचा अर्थ. प्रमाणपत्रांच्या साखळीत ‘सीसीए इंडिया’ हे नाव असल्याची खात्री करून ते एकदा नोंदवावे. कागद छापला म्हणजे सहीचे केवळ चित्र उरते. म्हणून मूळ फाईल जपून ठेवावी. १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचे ७/१२ उतारेही मिळू लागले आहेत. त्यांवर पडताळणी क्रमांक असतो व तो शासनाच्या संकेतस्थळावर तपासता येतो.

यादी प्रसिद्ध करणाऱ्यांचे कर्तव्य

दुवा देणाऱ्या संस्थेस वाचकाच्या संगणकावरील प्रोग्रॅम सहसा ठरविता येत नाही. ‘मेलटू’ ने आरंभ होणारा दुवा टपालाचा प्रोग्रॅम उघडतो; एक्सेलसाठीही असा खास दुवा लिहिता येतो. पण तो प्रोग्रॅम त्या संगणकावर नसेल तर दुवा निरुपयोगी ठरतो. त्यापेक्षा फाईलच चोख द्यावी. सर्व्हरवरील खूण बरोबर असावी, यादीच्या आरंभी युनिकोडची खूण घालावी, आणि गट व खाते क्रमांकांचे रकाने आधीच ‘टेक्स्ट’ करून एक्सेलची स्वतंत्र फाईलही ठेवावी. दुव्याशेजारी फाईलचा प्रकार लिहिल्यास वाचकाची सोय होते.

सावधगिरी

फाईल आपोआप उघडण्याची सोय सरसकट देऊ नये. ‘.ईएक्सई’ शेपटाची फाईल म्हणजे कागद नव्हे, तो चालणारा प्रोग्रॅम असतो. विंडोज ओळखीची शेपटे लपविते, त्यामुळे ‘बिल.पीडीएफ.ईएक्सई’ ही फाईल केवळ ‘बिल.पीडीएफ’ अशी दिसते आणि पाहणारा फसतो. ‘व्ह्यू’, ‘शो’ या क्रमाने जाऊन ‘फाईल नेम एक्स्टेन्शन्स’ ही खूण करून ठेवावी, म्हणजे पूर्ण नाव दिसेल. अनोळखी दुव्याने एखादा प्रोग्रॅम उघडण्याची परवानगी मागितली, तर ती नाकारावी.

वरील व्यवस्था एका संगणकावर करण्यास फार वेळ लागत नाही आणि ती एकदाच करावी लागते. हंगामापूर्वी वजनकाटा तपासून घेतात, त्याचप्रमाणे यादीचे काम सुरू होण्यापूर्वी प्रत्येक कार्यालयाने एक नमुना फाईल उघडून पाहावी. तीतील गट क्रमांक, खाते क्रमांक व मराठी नावे मूळ कागदाशी ताडून पाहावीत. ती तंतोतंत जुळल्यावरच पुढील कामास हात घालावा.