भात्याला उंदीर, सुराला धूळ

बीड जिल्ह्यात गावात सप्ताह बसला की वीणा, टाळ, पखवाज यांच्या जोडीला पेटी, म्हणजे हार्मोनियम, हवीच. पहाटे काकडा, सांजेला हरिपाठ, रात्री कीर्तन, त्यापुढे जागर. सात दिवस भात्याला दम खायला सवड नाही! नारायणगड, भगवानगडाच्या परंपरेतले नारळी सप्ताह तर फिरते. यंदा या गावात, पुढच्या साली त्या. पेटी टेम्पोत हादरे खाते, मांडवातली धूळ पिते, चाळिशी ओलांडणारा उन्हाळा सोसते आणि पावसाळा आला की फुगून बसते. तिची दुखणी म्हणूनच भारी मजेशीर आहेत, आणि औषधंही.

८४ जिभांचं वाद्य

दोन लाईनची, साडेतीन सप्तकांची पेटी उघडा. वर पट्ट्या ४२, आत पट्टीमागे दोन या हिशेबाने पितळी सूर ८४. एकेक सूर म्हणजे चौकटीवर एका टोकाला पक्की केलेली पितळेची पातळ जीभ. हवा निसटताना ती चौकटीच्या फटीत थरथरते आणि आवाज उमटतो. ही फट इतकी बारीक की धुळीचा एक कण अडकला तरी सूर मुका होतो, नाहीतर घरघरायला लागतो. इलाज? पातळ कागदाची कड जिभेखालून अलगद सरकवायची. कण निघाला की सूर बोलू लागला! ओला फडका मात्र चुकूनही नको.

सूर लावण्याचं तंत्र तर ऐकण्यासारखं आहे. जिभेचं टोक किंचित खरवडलं की ते हलकं होतं, जीभ जलद हलते, सूर चढतो. मुळाशी खरवडलं की तिथला ताठपणा कमी होतो आणि सूर उतरतो. एकदा निघालेलं पितळ परत चिकटत नाही. म्हणून जाणता कारागीर एक ओरखडा काढतो, सूर जागेवर बसवतो, ऐकतो, पुन्हा बाहेर काढतो. एका सुरासाठी ही ये-जा कितीही वेळा होते. ८४ सुरांची पेटी लावून घ्यायला दिली की घाई करू नका, त्याला वेळ द्या.

पूर्वी नावाजलेले सूर जर्मनी आणि फ्रान्सहून यायचे. आता गुजरातेतलं पालिताणा त्यासाठी प्रसिद्ध आहे. होय, शत्रुंजय डोंगरावरच्या जैन मंदिरांचं तेच पालिताणा.

भात्याची परीक्षा घरीच घेता येते. स्टॉपर उघडा, हवा भरा आणि एकही पट्टी दाबू नका. भाता जागेवर थांबला तर पेटी ठणठणीत. आपोआप बसायला लागला तर कुठेतरी गळती आहे: घडीचं कातडं फाटलंय, सरस सुटलाय किंवा उंदराने आधीच हजेरी लावलीय. वाजवून झाल्यावर आतली हवा सोडायची, मगच भाता मिटायचा. खोक्यात डांबराच्या दोन गोळ्या टाकल्या की झुरळं लांब राहतात.

पावसाळ्यात बोट उचललं तरी सूर चालूच, ही तक्रार घरोघरची. पट्टी फुगून शेजारणीला घासते, किंवा तिच्याखालचं कातडं कडक झालेलं असतं, नाहीतर स्प्रिंग दमलेली असते. अशा वेळी पेटी उन्हात तापवायची नाही! लाकूड तडकतं. कोरड्या, हवेशीर खोलीत ठेवून रोज थोडी वाजवली तर तिला आराम पडतो. माझं ठाम मत आहे की देवळाच्या कोपऱ्यात वर्षभर झाकून ठेवलेली पेटी रोज वाजणाऱ्या पेटीपेक्षा लवकर खराब होते.

विलायतेतली लांबची बहीण

इंग्लंडात बर्मिंगहॅमला १९६३ मध्ये मेलोट्रॉन नावाचं वाद्य आलं. पट्टी दाबली की तिच्याखालची स्वतंत्र टेप फिरते आणि बासरी किंवा व्हायोलिनचा मुद्रित सूर वाजतो. एम-४०० या प्रसिद्ध मॉडेलात ३५ पट्ट्या, ३५ फिती. गंमत म्हणजे सूर टिकतो जेमतेम ८ सेकंद! मग फीत संपते, बोट उचलावं लागतं आणि स्प्रिंग फितीला मागे खेचते. बीटल्सच्या १९६७ च्या ‘स्ट्रॉबेरी फील्ड्स फॉरेव्हर’ची सुरुवातीची बासरी याच वाद्यातली. कापूस स्पिरिटात बुडवून टेपरेकॉर्डरचं हेड पुसलेल्या पिढीला मेलोट्रॉनची निगा लगेच कळेल: हेड पुसा, रोलर पुसा, गुंतलेली फीत सोडवा. धूळ ही दोघी बहिणींची वैरीण. पण मेलोट्रॉनला वीज लागते, आणि आपली पेटी भर लोडशेडिंगमध्येही अभंग सोडत नाही.

बंदी पचवलेली पेटी

फ्रान्सच्या अलेक्झांडर दबेंचं हार्मोनियम पायाने चालायचं. कोलकात्याच्या द्वारकानाथ घोष यांनी ते हातभात्याचं केलं, आणि जमिनीवर मांडी घालून गाणाऱ्या देशाला ते तंतोतंत जुळलं. तरी १९४० मध्ये आकाशवाणीने पेटीला बंदी घातली. आक्षेप असा की तिच्यातून मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, निघत नाही आणि तिचे बांधीव सूर आपल्या श्रुतींशी जुळत नाहीत. बंदी सैल व्हायला १९७१ उजाडलं! आक्षेपात तथ्य होतं, पण उत्तर कलावंतांनी बोटांनी दिलं. त्यांतलं एक मोठं नाव बीडच्या शेजारच्या जालना भागातलं: अप्पा जळगावकर. भीमसेन जोशी, किशोरी आमोणकर यांच्या गाण्याला त्यांनी अशी साथ केली की पट्ट्यांच्या मधली जागाही ऐकू यावी. आणि आज तानपुऱ्यावर गाणारा गवईसुद्धा आपला सूर सांगतो तो पेटीच्याच हिशेबाने: काळी एक, काळी दोन, पांढरी चार.

सप्ताहासाठी नवी पेटी घेणाऱ्या गावकऱ्यांना एक सांगणं. स्केल चेंजर दिसायला झकास. सगळा पट्टीफलक सरकवून हवा तो सूर धरता येतो. पण जितके सरकते भाग जास्त, तितक्या टेम्पोच्या हादऱ्याने ढिल्या होणाऱ्या जागा जास्त. साधी, दोन लाईनची, जाड लाकडाची पेटी घ्या, आणि घेताना भात्याची परीक्षा दुकानातच करा.