कर्करोग आणि पेशीवरची साखर

कर्करोगाची चर्चा बहुधा जनुकांपासून सुरू होते आणि जनुकांपाशीच थांबते. जनुकात बिघाड झाला, पेशी बेबंद वाढू लागली, एवढे सांगितले की सगळे सांगून झाले असे वाटते. पण वाढायचे की थांबायचे, चिकटून राहायचे की सुटून निघायचे, हे पेशी बाहेरून येणाऱ्या निरोपांवरूनही ठरवते. हे निरोप तिच्या पृष्ठभागावर पोचतात, आणि तिथे शर्करेच्या साखळ्यांचे दाट रान असते. या रानाला बराच काळ नुसते वेष्टन समजले गेले. ती समजूत आता सोडायला हवी, कारण निरोप कोणाला पोचणार आणि किती जोराने पोचणार, यात या साखळ्यांचाही हात असतो.

एमयूसी-1 हे म्युसिन, म्हणजे शर्करेने लगडलेले प्रथिन, घेऊ. स्तन, फुप्फुस, स्वादुपिंड अशा अवयवांतल्या नलिकांचे अस्तर ज्या पेशींचे असते, त्यांच्यावर ते आढळते. त्याच्या बाहेरच्या भागात 20 अमिनो आम्लांचा तुकडा पुन्हा पुन्हा येतो आणि त्याला शर्करेच्या फांद्या फुटतात. या फांद्यांमुळे हा रेणू 200 ते 500 नॅनोमीटर ताठ उभा राहतो. शेजारची बहुतेक प्रथिने त्याच्या पायाशी झुडपांसारखी खुजी दिसतात. निरोगी पेशीत तो फक्त पोकळीकडच्या बाजूला असतो, ओलावा राखतो आणि जंतूंना अडवतो. कर्करोगात त्याची संख्या वाढते, तो पेशीच्या सर्व बाजूंना पसरतो आणि त्याच्या फांद्या अर्धवट राहतात. एरवी झाकलेली दोन शर्करांची एक जोडी, म्हणजे टी प्रतिजन, त्यामुळे उघडी पडते.

ही जोडी ओळखून तिला चिकटणारे प्रथिन आपल्याच शरीरात असते. त्याचे नाव गॅलेक्टिन-3. कर्करोगाच्या अनेक रुग्णांच्या रक्तात ते वाढलेले असते. लिव्हरपूलच्या संशोधकांनी 2007 मध्ये दाखवले, की गॅलेक्टिन-3 चिकटले की एमयूसी-1 चे रेणू पेशीवर एका जागी गोळा होतात. उरलेली जागा मोकळी होते, तिथले चिकटणारे छोटे रेणू उघडे पडतात आणि रक्तातून वाहणारी कर्कपेशी रक्तवाहिनीच्या अस्तराला धरू शकते. रोग दुसऱ्या अवयवात रुजण्याची ही एक पायरी आहे. हेच गॅलेक्टिन एमयूसी-1 आणि वाढीचा निरोप घेणारा ईजीएफआर हा ग्राहक यांच्यात पूलही बांधते, त्यामुळे तो निरोप बळावतो.

यावर रास्त आक्षेप असा, की हे बदल रोगाचे कारण नसून परिणाम असतील. पण 1995 मध्ये एमयूसी-1 चे जनुक काढून टाकलेले उंदीर सुदृढ वाढले, आणि त्यांच्यात घडवलेल्या स्तनाच्या गाठी मात्र संथ वाढल्या. 2014 मध्ये संशोधक व्हॅलरी वीव्हर यांच्या गटाने कर्करोग नसलेल्या पेशींवर म्युसिनसारखे लांब कृत्रिम रेणू बसवले. नुसत्या त्या जाड थरामुळे पेशीला धरून ठेवणारे इंटेग्रिन रेणू पुंजक्याने जमले आणि वाढीचे संकेत तीव्र झाले. केवळ परिणाम असता, तर तो काढल्याने वा बाहेरून लावल्याने असा फरक पडला नसता. जनुकांचे महत्त्व यातून कमी होत नाही. त्यांचा बिघाड प्रत्यक्षात उतरण्याची एक वाट तेवढी दिसते.

दुसरा आक्षेप उपचारांचा. एमयूसी-1 वर बेतलेली टेसेमोटाइड ही लस फुप्फुसाच्या कर्करोगाच्या दीड हजारांहून अधिक रुग्णांवर तपासली गेली. 2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार एकूण आयुर्मानात ठोस फरक दिसला नाही. अपयश खरे आहे. मात्र त्या लसीतला एमयूसी-1 चा तुकडा 25 अमिनो आम्लांचा होता आणि त्यावर शर्करा नव्हती. अपयशाचे कारण तेवढेच होते असे म्हणता येत नाही, पण शर्करेसकट रेणूला लक्ष्य करण्याचा मार्ग त्यामुळे बंद झालेला नाही. या फांद्या पेशी स्वतःच्या विकरांनी घडवते, म्हणून चहातली साखर सोडून त्या बदलतील अशी आशा बाळगू नये. स्तनाच्या कर्करोगाच्या पाठपुराव्यात होणारी सीए 15-3 ही रक्ततपासणी पेशीवरून सुटलेले एमयूसी-1 च मोजते. म्हणजे रुग्णाच्या हातातल्या अहवालात या रेणूला आधीच जागा मिळाली आहे. औषधांच्या संशोधनात त्याच्या शर्करेलाही तितक्याच गांभीर्याने जागा मिळायला हवी.