खलाशी झोपला, मग सुकाणू कुणाकडे?

एकट्याने समुद्र ओलांडणाऱ्यालाही झोप लागतेच. इलेक्ट्रॉनिक ऑटोपायलट आहे, पण तो बॅटरी खातो आणि खाऱ्या हवेत कधी दगा देईल याचा नेम नाही. जोशुआ स्लोकम १८९५ ते १८९८ मध्ये एकटा पृथ्वीप्रदक्षिणा करून आला. त्यातला २३ दिवसांचा एक टप्पा त्याने जेमतेम तीन तास सुकाणू हातात धरून पार केला! बाकी वेळ सुकाणू बांधलेलं. पण त्याची ‘स्प्रे’ स्वभावानेच सरळ चालणारी होती. हलक्या होडीत नुसतं बांधून भागत नाही, ती भरकटते.

मग काय करायचं? चूक मोजणारं काहीतरी हवं, आणि ते होडीवर आधीच असतं: शीट. (शीट म्हणजे शीड आवळायचा दोर. चादरीशी संबंध नाही!)

समजा वारा मागून, तिरका येतोय. पुढे एक छोटं शीड मुद्दाम उलटं, म्हणजे वाऱ्याच्या बाजूला ओढून लावा. त्याचा दोर कप्पीतून आणून सुकाणूच्या दांड्याला वाऱ्याच्या बाजूने बांधा. दुसऱ्या बाजूने रबरी नळी, गलोलीला लावतात तसली. आता होडी भरकटून वाऱ्याकडे वळली, की त्या शिडावर वारा जास्त आडवा आदळतो, दोर ताणला जातो, दांडा वाऱ्याकडे खेचला जातो. दांडा जिकडे जातो त्याच्या उलट होडीचं तोंड वळतं, म्हणजे होडी परत मार्गावर. उलट दिशेला भरकटली तर दोर सैल पडतो आणि रबर जिंकतं.

आम्ही कंट्रोल सिस्टिम्सवाले याला ‘निगेटिव्ह फीडबॅक’ म्हणतो. लॅबमध्ये मी ‘गेन’चा आकडा बदलत बसते, इथे तेच काम रबर करतं. रबर फार ताठ असेल तर दांडा हलतच नाही. फार ढिलं असेल तर प्रत्येक दुरुस्ती जास्तीची होते आणि होडी नागमोडी चालते. नेमकं किती, हे पाण्यातच कळतं. वारा पुढून असेल तर मात्र जुळणी वेगळी लागते.

एक गोष्ट नीट लक्षात घ्या. ही जुळणी दिशा सांभाळत नाही, वाऱ्याशी असलेला कोन सांभाळते. रात्री दोनला वारा ४० अंश फिरला, तर होडीही इमानदारीत ४० अंश फिरेल. ना धक्का, ना आवाज. भर समुद्रात ठीक, पण किनारा जवळ असेल तर थेट खडकावर. म्हणून अनेक खलाशी झोपायच्या जागेच्या वर एक जादा होकायंत्र लावतात. डोळा उघडला की पहिली नजर त्यावर.