अकरावीला गणित घ्यावे की सोडावे?

दहावीचा निकाल लागला की घराघरांत शाखेची चर्चा सुरू होते. परंतु गणित घ्यावे की सोडावे, हा तितकाच महत्त्वाचा निर्णय प्रवेश अर्ज भरताना पाच मिनिटांत उरकला जातो. "गणित अवघड, नको" असे कोणीतरी म्हणते आणि पुढची काही दारे नकळत बंद होतात. म्हणून विद्यार्थी मित्रांसाठी थोडी माहिती देत आहोत.

विज्ञान शाखेत जीवशास्त्र घेऊन गणित सोडता येते. वैद्यकीय प्रवेशाच्या 'नीट' परीक्षेत गणित नसते. मात्र महाराष्ट्रात अभियांत्रिकीसाठी बारावीला भौतिकशास्त्र व गणित लागते. राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत 2022 पासून मुलीही दाखल होत आहेत. तेथे हवाई दल व नौदलासाठी भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व गणित हे विषय हवेत. भूदलासाठी कोणतीही शाखा चालते. पण लेखी परीक्षेतील 300 गुणांचा गणिताचा पेपर सर्वांनाच द्यावा लागतो.

वाणिज्य शाखेत पुष्कळ महाविद्यालयांत गणित किंवा 'एस. पी.' म्हणजे चिटणिसाची कार्यपद्धती, असा पर्याय असतो. सोपे म्हणून मुले एस. पी. घेतात. वास्तविक वाणिज्यचे गणित विज्ञानाच्या गणिताहून वेगळे आहे. त्यात कमिशन, विमा, निर्देशांक असे व्यवहारातील भाग येतात. पुढे अर्थशास्त्र वा संख्याशास्त्र शिकणाऱ्यास हा पाया फार उपयोगी पडतो.

गणित सोडले म्हणजे सर्व संपले, असेही नाही. आम्ही स्वतः कला शाखेचे पदवीधर असून बँकेत नोकरी करतो. बँकेच्या लिपिक परीक्षेस कोणत्याही शाखेचा पदवीधर बसू शकतो आणि तेथील अंकगणित मुख्यतः शाळेतलेच असते.

मग निवड कशी करावी? दहावीची जुनी प्रश्नपत्रिका घड्याळ न लावता सोडवावी. अपूर्णांक व बीजगणितात अडत असेल, तर ती कच्ची बाजू सुट्टीत भरून काढता येते. बालभारतीचे अकरावीचे पुस्तक मिळवून पहिली दोन प्रकरणे वाचावीत. ज्या अभ्यासक्रमाची इच्छा आहे त्याची प्रवेशाची अट त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेत स्वतः पाहावी.

केवळ ऐकीव गोष्टींवर विसंबू नका, स्वतः पारखून घ्या, असा उपदेश तथागतांनी कालामांना केला. गणिताची भीतीही बहुधा ऐकीवच असते. मनात निश्चय नसेल तर गणित घ्यावे, असे आमचे मत आहे. घेतलेले गणित पुढे सोडता येते. सोडलेले पुन्हा धरणे मात्र कठीण जाते.

जयभीम!