पत्रा चढवणारा पडला, तर भरपाई कुणी द्यायची?



गळीत हंगाम आटोपला, उसाची बिले खात्यावर जमा झाली, की आपल्या शिरोळ तालुक्यात जिकडे तिकडे ठोकाठोकी सुरू होते. कुणी गोठ्यावरचे फुटके सिमेंटचे पत्रे काढून नवे रंगीत पत्रे घालतो, कुणी पोल्ट्रीची शेड वाढवितो, कुणी आजोबांच्या वेळची मंगलोरी कौले उतरवून घेतो. वळीव केव्हा गाठेल याचा नेम नाही, आणि मृगाच्या आत छप्पर झाकलेच पाहिजे, म्हणून घाई असते. २००५, २०१९ आणि २०२१ च्या महापुरांनंतर किती घरे, किती गोठे पुन्हा उभे करावे लागले, हे कृष्णा-पंचगंगेच्या काठावरील सभासदांना सांगायला नको.

काम ठरते ते असे. चौरस फुटाचा दर निघतो, माल तुमचा की आमचा ते बोलणे होते, चहा होतो, इसार हातावर पडतो. कागद होत नाही. झालाच तर त्यावर पत्र्याची जाडी आणि रक्कम, एवढेच. 'वर चढणारा पोरगा पडला तर काय?' हे कोणी विचारीत नाही. एखाद्याने विचारलेच, तर ठेकेदार हसून म्हणतो, "अण्णा, इतकी वर्षं कामं केली, कधी काय झालं न्हाई बघा!" आणि खरेच, शुभकामाच्या वेळी असला विषय काढणे आपल्यालाही जड जाते.

पण समजा, झाले. तीस वर्षांचा जोडारी कैचीवरून खाली आला आणि दगावला. घरी बायको, दोन लेकरे, म्हातारी आई. आता पैसे कोणी द्यायचे?

कायद्याचे उत्तर जुने आहे. १९२३ साली कामगार नुकसानभरपाईचा कायदा झाला. त्यातील व्यवस्था आता सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्ये आली आहे. कामावर असताना, कामामुळे अपघात झाला तर भरपाई मालकाने द्यायची. त्यात मालकाची चूक होती की नव्हती, हे पाहण्याचे मृत्यूच्या बाबतीत कारण नाही. हिशोबही ठरलेला आहे. मृत्यू झाला तर मासिक वेतनाच्या निम्मी रक्कम घ्यायची आणि वयाप्रमाणे दिलेल्या आकड्याने गुणायची. ३ जानेवारी २०२० च्या अधिसूचनेने यासाठी वेतन जास्तीत जास्त १५,००० रुपये धरायचे ठरले. तिसाव्या वर्षाचा आकडा २०७.९८. म्हणजे साडेसात हजार गुणिले २०७.९८, एकूण १५ लाख ५९ हजार ८५० रुपये. माणूस वाचला पण कायमचा पूर्ण अपंग झाला, तर निम्म्याऐवजी साठ टक्के, म्हणजे १८ लाख ७१ हजार ८२० रुपये.

आपल्या भाषेत सांगायचे तर, टनाला साडेतीन हजार रुपये धरले, तर मृत्यूची भरपाई म्हणजे सुमारे ४४५ टन ऊस. एकरी चाळीस टनाने अकरा एकरांचे सगळे पीक, त्यातून खते, लागण, पाणीपट्टी काही वजा न करता! दोन वेल्डर आणि चार पोरे घेऊन फिरणाऱ्या ठेकेदाराकडे हे कोठून यावे?

येथे सभासद म्हणेल, "त्यो ठेकेदाराचा प्रश्न. मी काम उक्तं दिलंय." निम्मे खरे आहे. स्वतःच्या राहत्या घराचे काम ठेकेदाराला अंगावर दिले, तर मालक ठेकेदार. पण आपणच रोजाने चार माणसे बोलावून पत्रे चढवून घेतले, तर मालक आपण. आणि तिसरी गोष्ट महत्त्वाची. आपल्या धंद्यासाठी धंद्यातले काम ठेकेदारामार्फत करून घेतले, तर त्याच्या कामगाराची भरपाई काम देणाऱ्याकडूनही मागता येते. मग ती त्याने ठेकेदाराकडून वसूल करावी. दूध-पोल्ट्रीची शेड यात बसते की नाही, यावर वकील दोन्ही बाजूंनी बोलतील. तो वाद आपल्या खर्चाने चालावा अशी कुणाची इच्छा असेल असे वाटत नाही.

गावात मात्र हा विषय निराळ्याच रीतीने मिटविला जातो. पंच बसतात, लाख-दोन लाख ठरतात, स्टँपावर 'आमची काही तक्रार नाही' असे लिहून घेतात. विधवेची सही किंवा अंगठा होतो. सर्वांना वाटते, मिटले. पण कायद्याने दिलेला भरपाईचा हक्क असा लिहून सोडता येत नाही; तो करार रद्दबातल ठरतो. मृत्यूची भरपाई परस्पर हातात देताही येत नाही, ती सक्षम अधिकाऱ्याकडे जमा करावी लागते. तेथून ती वारसांना मिळते. शिवाय देय झाल्यापासून महिन्यात भरली नाही, तर बारा टक्के व्याज, आणि टाळाटाळीला सबळ कारण नसेल तर निम्म्यापर्यंत दंड. म्हणजे पैसे देणारा अडकतो आणि त्या बाईच्या पदरात निम्मेही पडत नाहीत. आमच्या मते या सगळ्या प्रकरणातली खरी वाईट गोष्ट हीच आहे.

आता विमा. ऊसतोड मजुरांचा आणि त्यांच्या बैलांचा विमा साखर कारखानदारीला नवा नाही. तसाच छप्पर घालणाऱ्या ठेकेदारालाही आपल्या माणसांसाठी कामगार भरपाईचा विमा घेता येतो. हप्ता वर्षभरात द्यावयाच्या मजुरीवर आणि कामाच्या धोक्यावर ठरतो. हप्ता वाचावा म्हणून काहीजण सहा माणसांऐवजी दोनच दाखवितात, किंवा 'फॅब्रिकेशन' लिहून उंचीवरच्या कामाचा उल्लेखच करीत नाहीत. अशा पॉलिसीचा कागद भिंतीवर शोभतो, दाव्याच्या वेळी उपयोगी पडेलच असे नाही. दवाखान्याचा खर्च बहुधा वेगळा हप्ता भरून घ्यावा लागतो, तेही विचारून घ्यावे.

दुसरा विमा त्रयस्थाच्या नुकसानीचा. वरून हातोडा सुटला, पत्रा घसरला, रस्त्याने जाणाऱ्या शेजाऱ्याला लागला, त्याची गाडी चेपली, हे पहिल्या पॉलिसीत येत नाही. आणि एक गैरसमज काढून टाकावा. ठेकेदाराने बोल्ट कमी मारले, वॉशर घातले नाहीत, पहिल्याच वळवात छप्पर गळू लागले, तर ते काम पुन्हा करून देण्याचा खर्च या विम्यांतून मिळत नाही. विमा अपघाताचा आहे, कामचुकारपणाचा नव्हे. वादळाने किंवा पुराने आपलेच घर पडले तर त्यासाठी घरमालकाने वेगळा विमा घ्यावा लागतो. २०२१ पासून 'भारत गृह रक्षा' नावाची एकसारखी पॉलिसी सर्व कंपन्यांकडे मिळते.

"पण ते वीस रुपयांचं हाय की!" असेही ऐकू येते. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना चांगलीच आहे. १८ ते ७० वयाच्या खातेदाराचे वर्षाला वीस रुपये कापून जातात आणि अपघाती मृत्यूला दोन लाख मिळतात. प्रत्येक मजुराने ती घ्यावी. तसेच वर्षात ९० दिवस बांधकामावर राबलेल्या कामगाराची राज्याच्या बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडे नोंदणी होते आणि कामावर अपघाती मृत्यू झाल्यास वारसांना पाच लाखांचे साहाय्य आहे. पण ही मदत कामगाराच्या घरची. त्यामुळे मालकाची भरपाईची जबाबदारी फिटत नाही.

तेव्हा इसार देण्यापूर्वी पॉलिसीची प्रत मागावी. ठेकेदार नातेवाईक असला तरी मागावी. नातेवाईक असला तर आधी मागावी. मुदत कधी संपते ते पाहावे, कारण मेमध्ये काम आणि मार्चअखेर संपलेली पॉलिसी, असे सहज होऊ शकते. आपल्या कामावर येणारी माणसे त्याचीच आहेत की त्याने पुढे दुसऱ्याला दिलेल्या कामाची, हेही विचारावे. त्याच्याकडे वर्षाची पॉलिसी नसेल तर ठराविक मुदतीची मिळते का, याची विमा कंपनीच्या शाखेत चौकशी करावी. हप्ता आपण निम्मा दिला तरी अकरा एकरांच्या पिकापुढे ती रक्कम फार वाटू नये.

जुने सिमेंटचे पत्रे उतरवायचे असतील तर आणखी एक. असा पत्रा वरून धड दिसतो आणि पाय पडताच मोडतो. माणसाने पत्र्यावर नव्हे, खालच्या दोन-तीन अँगलवर टेकेल अशी लांब फळी टाकून तिच्यावरून चालले पाहिजे, आणि पूर्ण अंगाचा सुरक्षा-पट्टा कैचीला बांधलेला पाहिजे. फळ्या आपल्या गोठ्यात पडलेल्याच असतात. काम सुरू होण्याच्या आदल्या दिवशी त्या काढून ठेवाव्यात.