आज्ञाधारक दीप

अरबी कथेतील अल्लाउद्दीनाला दिवा घासावा लागे. तेव्हा कोठे राक्षस हात जोडून पुढे उभा राही. आज असेही दिवे निघाले आहेत, की त्यांना हात लावण्याचेही कारण पडत नाही. "दिवा लाव," एवढे म्हटले की झाले!

हे दिवे एलईडी जातीचे असतात. त्यांच्या पोटात तापून उजळणारी तार नसते. अर्धवाहक पदार्थाच्या इवल्याशा स्फटिकातून वीज वाहू लागली, की त्यातून प्रकाश बाहेर पडतो. तांबडे व हिरवे दीप पूर्वीच बनले होते. निळा तेजस्वी दीप मात्र शास्त्रज्ञांना कित्येक वर्षे हुलकावणी देत राहिला. इसामु आकासाकी, हिरोशी आमानो व शूजी नाकामुरा या जपानात जन्मलेल्या तिघांनी तो साधला, आणि २०१४ साली त्यांना पदार्थविज्ञानाचे नोबेल पारितोषिक मिळाले. तिन्ही रंग हाती आल्यामुळे एकाच दिव्यातून नाना छटा काढता येऊ लागल्या.

दिव्याला कान असतात, असे मात्र समजू नये. कान असतात ते मेजावरील ध्वनियंत्राला. 'एको' नावाचे असे एक यंत्र २०१४ साली अमेरिकेत विक्रीस आले. ते एका ठरावीक हाकेची वाट पाहत असते. हाक येताच पुढील शब्द ध्वनिग्राहकातून विजेच्या लहरींत उतरतात. त्या लहरी सेकंदाला हजारो वेळा मोजल्या जाऊन त्यांचे आकडे बनतात, आणि ते बहुधा इंटरनेटवरून दूरच्या संगणकांकडे जातात. तेथे बोलण्याचा अर्थ लागला, की हुकूम परत येतो व रेडिओलहरींच्या वाटेने दिव्यातील चिपपर्यंत पोहोचतो. हे सारे क्षणा-दोन क्षणांत घडते!

परंतु हाक कोणाची, हे यंत्र ओळखीलच असे नाही. २०१७ च्या आरंभी अमेरिकेत एक बातमी गाजली. डॅलस येथील सहा वर्षांच्या मुलीने यंत्राशी बोलता बोलता बाहुलीचे घर मागितले आणि ते खरोखरच घरी आले. सॅन डिएगोच्या दूरचित्रवाणीवर ही गंमत सांगताना निवेदकाने तेच शब्द उच्चारले, तेव्हा काही प्रेक्षकांच्या घरांतील यंत्रेही बाहुलीचे घर मागवू पाहू लागली! बहुतेक यंत्रांवर ध्वनिग्राहक बंद करण्याची कळ असते, ती याचसाठी. घरातील खाजगी बोलणी चालू असता ती दाबून ठेवावी, हे बरे.

ज्याला अंथरुणावरून उठता येत नाही, त्याला रात्री दिव्यासाठी कोणाला उठवावे लागत नाही. मला तर या दिव्याचा हाच उपयोग सर्वांत मोठा वाटतो.

आरंभ एकाच दिव्याने करावा. त्याला सुटसुटीत नाव द्यावे. दोन दिव्यांची नावे सारखी असली, की यंत्राचा घोटाळा होतो. भिंतीवरील बटण मात्र चालूच ठेवले पाहिजे. ते बंद केले, तर चिपला वीज मिळत नाही. मग कितीही हाका मारा! अर्थात विझलेला दिसणारा हा दिवाही थोडी वीज खातच असतो. इंटरनेट तुटले, तर पुष्कळ यंत्रांना काही उमगत नाही. अशा वेळी तेच बटण एकदा बंद करून पुन्हा चालू करावे, म्हणजे बहुतेक दिवे लागतात.